जांभळ्यांनी पहिली मॅच जिंकली

आमच्या ह्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेट सोडून जगात दुसरा खेळ आहे हेच त्यांना मुळात मान्य नव्हतं. पण मुलगा शिकायला अमेरिकेला गेला, त्याच्या कॉलेजची फुटबॉलची टीम निघाली, आणि हा माणूस पन्नाशी उलटल्यावर त्या टीमचा भक्त झाला. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे हं. अमेरिकेतला, हाताने फेकायचा, डोक्यात हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "अहो, ही मारामारी संपली की खेळ कधी सुरू होणार?" त्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

टीमचा रंग जांभळा. मुलाने पहिल्याच वर्षी बाबांसाठी जांभळा स्वेटशर्ट पाठवला होता. आम्ही राहतो दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, बाहेर सप्टेंबरातही भट्टी पेटलेली असते, आणि हा गृहस्थ एसी अठरावर ठेवून, स्वेटशर्ट चढवून सोफ्यावर बसणार. मी शाल गुंडाळून स्वयंपाकघरात. बिल वाढलं म्हणून कुरकुर केली की म्हणायचे, "थंडीतला खेळ आहे तो, थंडीतच बघायला हवा." आता ह्याला काय बोलायचं!

आणि टीम कशी, तर हरणारी. नेहमी हरणारी. त्या कॉलेजात म्हणे एकाहून एक मोठे शास्त्रज्ञ शिकवतात, पण फेकलेला बॉल धड झेलणारा एक पोरगा त्यांना सापडत नव्हता. इतक्या रडक्या टीमची मॅच तिकडे संध्याकाळी झगमगाटात कोण ठेवणार? तिकडच्या दुपारी बारा वाजता उरकून टाकायचे. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ, म्हणजे जेवणाची वेळ. त्यामुळे शनिवारचं जेवण टीव्हीसमोर ठरलेलं. मुलगा व्हिडिओ कॉलवर. माझा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायचा, म्हणजे लेकाचा चेहरा दिसतो आणि हात जेवायला मोकळे राहतात.

त्यात एक गंमत होती. आमच्याकडे चित्र पोचायचं अर्ध्या मिनिटाने उशिरा. मुलाला तिकडे आधी कळायचं, आणि बाबांचा विरस नको म्हणून तो चेहरा दगडासारखा करून बसायचा. पण मी आई आहे. मी टीव्ही बघायचेच नाही, फोन बघायचे. त्याची डावी भुवई जरा हलली की मी ओळखायचे, गेला बॉल. हे इकडे सोफ्याच्या कडेवर येऊन "पळ, पळ, यल्ला, पळ!" ओरडत असायचे, आणि मला माहीत असायचं की तो पळणारा कधीच आपटलाय. मी गपचूप ह्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढायचे.

मी ह्या वेडाला हसायचे, पण मोडता घालायचे नाही. कारण बाप-लेकांत बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. एरवी फोनवर हे विचारायचे, "जेवलास का? थंडी आहे का? गाडी नीट चालवतोस ना?" आणि तिकडून "येस बाबा. फाइन बाबा." खलास. तोच मुलगा त्या जांभळ्या पोरांबद्दल तास तास बोलायचा. बाबा मराठीत, तो इंग्रजीत, मधे दोघांचं थोडं हिंदी. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण घरात आवाज असायचा.

आता ज्याच्यावरून सगळं घडलं ते सांगते. मुलगा इथलाच. दुबईतच जन्मला, इथल्या शाळेत शिकला, पुण्याला फक्त उन्हाळ्यात आजोळी जायचा. कुणी विचारलं "व्हेअर आर यू फ्रॉम?" की एका दमात म्हणायचा, "दुबई." पण इथे जन्मलं म्हणून कुणी इथलं होत नाही. बापाला नोकरी, म्हणून बापाला व्हिसा; बापाच्या व्हिसावर बायको आणि पोरं. मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की बापाच्या नावावर त्याचा नवा व्हिसा होत नाही. जो आहे तो संपेपर्यंत चालतो. फक्त सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहायचं नाही, राहिलं की आपोआप रद्द.

म्हणून ज्यांची ज्यांची पोरं बाहेर आहेत ती सगळी घरं एकच काम करतात. सहा महिने व्हायच्या आत पोराला एकदा इथे आणायचं. आमच्यात त्याला 'पाय लावून जाणं' म्हणतात. चार दिवस का होईना, यायचं, आईच्या हातचं खायचं, दात दाखवायला जायचं, परत जायचं. मंडळाच्या गणपतीत बायका एकमेकींना विचारतात, "तुझा पाय लावून गेला का गं?" शिकत असताना सवलत मिळायची, तरी मी आमच्याला दर खेपेला ओढून आणलं. हसा मला, पण विमानतळावरच्या त्या गेटवर त्याने बोट ठेवलं आणि ते हिरवं होऊन उघडलं की मला वाटायचं, अजून आहे हं, अजून आपलंच आहे घर.

त्या वर्षी त्याचं मास्टर्स झालं आणि तिकडेच, कॉलेजच्याच गावात, नोकरी लागली. सवलत संपली. जूनमध्ये तो येऊन गेला होता, म्हणजे डिसेंबरच्या मध्याच्या आत परत पाय लावायला हवा होता. जानेवारीत पंचवीस पुरी होणार होती. हा व्हिसा गेला तर दुसरा नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे त्यांच्या सणाची सुट्टी असते, तेव्हाचं तिकीट मी स्वतः बसून काढलं आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली. नव्या नोकरीत रजा मोजकीच, ती सगळी ह्या एका खेपेला.

आणि मग ती मेली पहिली मॅच आली.

तो उन्हाळा ह्यांना फार वाईट गेला होता. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात खोकी बनवायची फॅक्टरी, तिथे हे प्रॉडक्शन बघायचे. मालकाचा भाचा नवीन आला होता आणि ह्यांच्याच केबिनमध्ये दुसरं टेबल टाकून बसला होता. ह्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण मीटिंगला बोलवायचं बंद झालं होतं. हे घरी येऊन बुटांची नाडी सोडायलाही वेळ लावायचे. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही गं." इतक्या वर्षांच्या संसारात 'काही नाही गं'चा अर्थ मला चांगला कळतो.

पहिली मॅच आपल्याच मैदानावर होती आणि जांभळे जिंकले. नुसते जिंकले नाहीत, समोरच्याला लोळवलं. मी साबुदाणावडे तळत होते, बाहेरून असा आरडाओरडा झाला की मला वाटलं ह्यांना काही झालं. धावत आले तर हा माणूस स्वेटशर्टाच्या बाह्या वर करून हॉलमध्ये नाचत होता. टाळी मागितली माझ्याकडून! माझ्या हाताला साबुदाणा, तरी दिली. कितीतरी महिन्यांनी ह्यांचे दात दिसले होते. मला काय त्या बॉलचं? मला ह्यांच्या हसण्याचा आनंद झाला.

मी सवयीने फोनकडे पाहिलं. मुलगा हसत होता, पण आपल्याकडे कुणाच्या लहान बाळाने उभं राहून दाखवलं की आपण हसतो ना, तसा. म्हणाला, "बाबा, डोन्ट गेट टू एक्सायटेड. दे वेअर अ टायनी स्कूल. दे गेट पेड टू कम अँड लूज." म्हणजे त्या लहान कॉलेजाला पैसे देऊन बोलावतात, मार खायला, सुरुवात गोड व्हावी म्हणून. तिथे ही पद्धतच आहे म्हणे.

ह्यांच्या कानात ते शिरलंच नाही. "जिंकणं म्हणजे जिंकणं," म्हणाले. "ह्या वर्षी काहीतरी वेगळं आहे. पोरांच्या चालण्यात दिसतंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. वरणभातावर तूप घेता घेता ह्यांनी गणित मांडलं. सहा मॅच जिंकल्या की टीमला डिसेंबरात मोठी जादा मॅच मिळते. त्यांच्या कॉलेजला ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आता एक झाली. अमुक टीम सोपी, तमुकचा मुख्य खेळाडू जखमी, म्हणजे पाच तर सहज होतात. आणि सहावी? सहावी ठरणार शेवटच्या मॅचला, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, शेजारच्या गावच्या जुन्या वैऱ्याशी, घरच्या मैदानावर.

"आणि त्या दिवशी आपला मुलगा विमानात!" हे म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

"विमानात नाही, माझ्या घरात असेल," मी म्हटलं. "आणि चांगलंच दिसेल."

"तिकीट जानेवारीवर टाकू. डिसेंबरात आपण दोघंच जाऊ तिकडे, जादा मॅच बघू, येताना त्याला घेऊन येऊ."

"आणि व्हिसा? त्याला काय तुमचे जांभळे उचलून धरणार आहेत?"

"परवानगी मिळते गं. सहा महिन्यांच्या वर राहिलं तर अर्ज करायचा, कारण द्यायचं. मी देऱ्यातल्या त्या टायपिंगवाल्याला विचारलंय. हो जाएगा सर, इन्शाल्ला, म्हणाला."

मी डोक्याला हात लावला. इथे अर्धं आयुष्य काढून लोकांचे अर्ज भरून देणाऱ्याच्या एका इन्शाल्लावर लेकाचं तिकीट पुढे ढकलायला निघालेला हा एकच मनुष्य असेल. मी भांडले. चांगली कडाडून भांडले, भांडी आपटली. तर ह्यांनी सरळ मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "तूच सांग तुझ्या आईला. शेवटच्या मॅचला तू हवास की नको?"

तो म्हणाला, "येस... इट वुड बी नाइस, बाबा."

झालं. हे माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मीच पोराच्या सुखाआड उभी आहे. आणि खरं सांगू, त्या चेहऱ्यावरचा उजेड मला घालवायचा नव्हता. सोमवारी हे पुन्हा त्या केबिनमध्ये जाऊन बसणारच होते. मी म्हटलं, करा काय करायचं ते. तिकीट बदलायला चारशे दिरहम पडले, म्हणजे साडेनऊ हजार रुपये, हेही ह्यांनी मोठ्याने सांगितलं आणि वर म्हणाले, "काही जास्त नाही."

दुसरी मॅच हरले. हे म्हणाले, "परक्या मैदानावर होती." तिसरी हरले. "पंच विकला गेलेला." चौथीला शेवटच्या क्षणापर्यंत पुढे होते आणि तरी हरले, तेव्हा हे म्हणाले, "बघितलंस ना, किती जवळ आलो होतो!" स्वेटशर्ट मात्र प्रत्येक शनिवारी चढायचाच. मी शाळेत गणित शिकवते. ऑक्टोबर संपायच्या आत एका शनिवारी मी पेन्सिलीने मागच्या बिलावर आकडे मांडून ह्यांच्यासमोर ठेवले. उरलेल्या सगळ्या जिंकल्या तरी सहा होत नव्हत्या. ह्यांनी तो कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे आज."

मी त्याच रात्री मुलाला म्हटलं, "राजा, खलास झालं ते सगळं. आता नोव्हेंबरात येऊन जा. मी नवीन तिकीट काढते."

तो म्हणाला, "आई, आय कान्ट." त्याने ठरलेली सुट्टी सोडली म्हणून ऑफिसने ती दुसऱ्या एकाला देऊन टाकली होती. आणि कंपनीचा वकील सांगत होता, सध्याचे दिवस बरे नाहीत, कागद पुरे होईपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नका. मी रडले, ओरडले, "तुझ्या वकिलाला माझ्याशी बोलायला सांग," असंही म्हटलं. तो ऐकून घेत होता. शेवटी इतकंच म्हणाला, "इट्स ओके, आई. इट्स जस्ट अ व्हिसा."

जस्ट अ व्हिसा.

मग उरला तो अर्ज. हे दोनदा सुट्टी टाकून देऱ्याला गेले. कारण काय लिहायचं? फुटबॉलची मॅच, हे लिहिता येत नाही. नोकरी लिहिली. पहिल्यांदा परत आला, मुलाच्या ऑफिसचं पत्र जोडून पुन्हा टाकला, पुन्हा परत आला. कारण पुरेसं नाही. टायपिंगवाला म्हणाला, "सर, मैंने तो इन्शाल्ला बोला था." ह्यांनी मला हे घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि मला 'मी म्हणत नव्हते?' असं म्हणायचंही बळ उरलं नाही.

शेवटची मॅच आली. आता तिकडचं घड्याळ बदललेलं, म्हणून आमच्याकडे रात्री नऊला. हे सहा वाजताच आंघोळ करून तयार. म्हणाले, "मुलगा मैदानावर असेल, कॅमेऱ्यात दिसेल कदाचित." मैदान निम्मं रिकामं होतं. कॅमेरा लोकांवरून फिरला की हे टीव्हीच्या इतके जवळ जायचे की मला काही दिसायचंच नाही. एकदा एका जांभळ्या टोपीवाल्याला बोट लावून म्हणाले, "हाच! हाच आहे." तो नव्हता. मी न राहवून स्वयंपाकघरात जाऊन मुलाला फोन लावला. मागे भांड्यांचे आवाज, बायकांचं हसणं. तो एका मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरी सणाचं जेवायला गेला होता, तीन तास गाडी चालवून.

"मॅचला नाही गेलास?" मी हळूच विचारलं.

"इट्स फ्रीझिंग, आई. अँड व्हॉट्स द पॉइंट? दे सक." मग मराठीत, "बाबांना सांगू नकोस ना."

मी नाही सांगितलं. हे शेवटपर्यंत त्या रिकाम्या बाकांमध्ये त्याला शोधत बसले. जांभळे हरले. किती फरकाने ते मी पाहिलं नाही.

डिसेंबरात ती तारीख आली आणि गेली. मला वाटत होतं काहीतरी होईल, निदान फोन तरी वाजेल. काही नाही. मी पोळ्या लाटत होते. आठवड्याभराने मोबाईलवर सरकारी ॲप उघडलं, तिथे ह्यांच्या नावाखाली आम्ही दोघं असायचो. आता मी एकटी होते. जानेवारीत त्याला पंचवीस पूर्ण झाली. मी इथे शिरा केला आणि आम्ही दोघांनी खाल्ला.

एप्रिलमध्ये वकिलाने हो म्हटलं आणि तो आला. अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयांना इथे विमानतळावर चौदा दिवस मिळतात, त्यावर. इतर वेळी बोट टेकवून पाच मिनिटांत बाहेर येणारा मुलगा, आम्ही बाहेर थांबून थांबून दमलो. मग त्याचा मेसेज आला: बाबा, नीड युवर एमिरेट्स आयडी. आत विचारत होते, कुठे उतरणार, कुणाकडे. हे खांबाला टेकून खिशातून ते ओळखपत्र काढून त्याचा फोटो काढत होते, तीनदा काढला तेव्हा कुठे धड आला. त्याच्या येण्याचा जामीन म्हणून.

घरी आल्यावर तो आंघोळीला निघाला आणि दारातून मागे वळून म्हणाला, "आई, विच टॉवेल शूड आय यूज?"

ह्या घरात त्याने उभ्या जन्मात कधी टॉवेल विचारून घेतला नव्हता. माझा घेतला म्हणून मी किती ओरडलेय त्याला. "कुठलाही घे ना रे!" मी इतक्या जोरात खेकसले की तो दचकला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

तो निघायच्या आदल्या दिवशी जेवायला बसलो होतो. मुलाला बापाची दया आली असावी. त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि मुद्दाम आवाजात उत्साह आणून म्हणाला, "बाबा, यू नो, वी गॉट अ न्यू कोच. ओपनर इज अ होम गेम. इट लुक्स गुड धिस इयर." शेवटी तोडकं मोडकं मराठीही जोडलं, "ह्या वर्षी जिंकणार आपण."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता डोळे चमकतील, आता ताट बाजूला सारून सहा मॅचचं गणित सुरू होईल. मी तर मनात म्हटलंही, होऊ दे बाई, घाला तो स्वेटशर्ट.

हे भात कालवत राहिले. म्हणाले, "तू बघ. झालं की मला सांग."

मुलगा "ओके" म्हणाला. त्यानंतर जेवण होईपर्यंत बाप-लेकांना एकमेकांशी बोलायला काही सुचलं नाही.